जनरलच्या पत्रांचा उन्हाळा

मे महिना लागला की आमच्या शाळेच्या जिमचा वास बदलतो. एरवी तिथे रबरी बुटांचा आणि घामाचा वास असतो. परीक्षा आल्या की लाकडी फरशीवर जाड कापड अंथरतात, त्यावर एकामागे एक टेबलं मांडतात, आणि मग धुळीचा, पेन्सिलींचा, मुलांनी सकाळी घाईघाईत फवारलेल्या डिओचा असा एक वेगळाच वास तिथे भरून राहतो. नॉटिंगहॅमच्या या शाळेत गेली कितीतरी वर्षं मी इन्व्हिजिलेटर म्हणून उभी राहते आहे. काम सोपं आहे. पेपर वाटायचे, कुणी हात वर केला की जादा कागद न्यायचा, आणि स्वतःच्या बुटांचा आवाज होऊ द्यायचा नाही. उरलेला वेळ नुसतं उभं राहायचं. उंच खिडक्यांतून बाहेरचं हॉथॉर्नचं झाड दिसतं. मेमध्ये ते असं फुलतं, की रात्रीतून कुणीतरी त्याच्यावर चुना ओतून गेलंय असं वाटावं. लांब कुठेतरी गवत कापायचं मशीन चालू असतं. आत दीडशे मुलं खाली माना घालून लिहीत असतात आणि मधूनच परागकणांची ॲलर्जी असलेलं कुणीतरी शिंकतं.

त्या शांततेत मला दरवर्षी एकच उन्हाळा आठवतो. मी जिममध्ये नव्हते, तो.

त्या वर्षी माझी मुलगी इरा ए-लेव्हलला, म्हणजे आपल्याकडच्या बारावीला, होती. स्वतःचं मूल परीक्षेला बसलं असेल तर त्या वर्षी आपण हॉलमध्ये उभं राहायचं नाही, असा आमच्या शाळेचा दंडक. म्हणून मी घरी. शिरीष, म्हणजे माझा नवरा, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तो सकाळी सातला घराबाहेर. इरा वरच्या खोलीत दार लावून रिव्हिजन करणार, आणि मी खाली तिला आवाज नको म्हणून मिक्सरसुद्धा न लावता बसणार. मुलांच्या परीक्षेत आयांना काही काम नसतं, आणि त्याचाच भयंकर शीण येतो.

अशातच एका सकाळी मी कचऱ्याची बिन रस्त्यावर आणून ठेवत होते. तीन घरं सोडून पलीकडे मिसेस हॅरिसन राहायच्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या. पांढरे आखूड केस, ताठ पाठ, वयाच्या मानाने फारच चकचकीत बूट. शिरीषच्याच हॉस्पिटलात त्या पूर्वी वॉर्ड सिस्टर होत्या, एवढंच मला माहीत होतं. त्याही बिन ढकलत येत होत्या आणि तोंडाने पावलं मोजत होत्या. जर्मनमध्ये.

माणूस कुठल्याही देशात राहो, आकडे तो स्वतःच्याच भाषेत मोजतो. मी अजून उत्तरपत्रिका मराठीत मोजते. 'एकोणसाठ' म्हटल्याशिवाय मला एकोणसाठचा भरवसा वाटत नाही. त्यांच्या तोंडचं 'सतरा, अठरा' ऐकलं आणि मी विचार न करता एकोणीस म्हटलं. जर्मनमध्येच.

त्या थांबल्या. मान तिरकी करून माझ्याकडे बघायला लागल्या. मागून कळलं, त्यांच्या नजरेचा मधला भागच गेला होता. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी राखाडी डाग दिसायचा, कडेने बघितलं तर थोडंफार. म्हणून त्या पक्ष्यासारखी मान वळवून बघत.

"तू कुठली?" त्यांनी जर्मनमध्येच विचारलं.

"पुण्याची."

"आणि जर्मन?"

"पुण्यातच शिकले. चिंचवडच्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित करायचे."

"यंत्रांची," त्या म्हणाल्या. "म्हणजे काही गाळायची सवय नसणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. टेबलावर उशीचा एक जुना अभ्रा होता, हॉस्पिटलच्या लाँड्रीचा शिक्का असलेला. त्यात पत्रं होती. निळ्या फितीने बांधलेले सहा गठ्ठे. शेजारी टाइप केलेलं एक नवं पत्रही होतं. ते जर्मनीतल्या एका छोट्या गावाच्या नगराध्यक्षांचं. गावात नदीवर जुना दगडी पूल आहे. युद्धाच्या अगदी शेवटी तो उडवून द्यायचा हुकूम होता, पण तिथला जनरल तो हुकूम न पाळता शरण गेला. त्या जनरलचं नाव आता पुलाला द्यायचं चाललं आहे. त्यांच्या कन्येने त्या दिवसांतली त्यांची पत्रं जूनअखेर पाठवली तर फार उपकार होतील, असा मजकूर.

"तुमचे वडील जनरल होते?" मी विचारलं. माझा आवाज जरा बदलला असावा.

"हो," त्या म्हणाल्या. "कुठल्या बाजूचे ते आता तुला कळलंच."

पत्रं त्यांच्या आईने जपून ठेवली होती. शेवटचा, पुलाचा गठ्ठा मिसेस हॅरिसनना जवळजवळ पाठ होता. पण मधल्या गठ्ठ्यांची फीत त्यांनी कधी सोडली नव्हती. "नजर होती तेव्हा हिंमत नव्हती," त्या म्हणाल्या. "आता हिंमत आली तर नजर नाही. शेवटची पत्रं मी पाठवीन. पण आधी सगळी, पहिल्यापासून, ऐकणार. तू वाचशील?"

मी अभ्र्यातून एक पत्र काढलं आणि घाबरले. एक अक्षर लागेना. जुन्या वळणाची जर्मन लिपी, सगळे टोकदार काटेच. पुण्यात हौसेने मोडीचा वर्ग केला होता, तिथे पहिल्या दिवशी जसं वाटलं होतं तसंच झालं: ही आपलीच भाषा, पण तोंडावर पदर ओढून बसलेली. मिसेस हॅरिसननी माझा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटाने एकेक अक्षर काढून दाखवलं. आठवडाभर आमचा तोच उद्योग. दुपारी दोन ते चार. त्यांचं बोट कोरडं आणि गार होतं. घरी आल्यावर भांडी घासतानाही तळहातावर ते 'ह' आणि 'स' वळवळत राहायचे.

मग पत्रं बोलायला लागली.

पोस्टमास्तरचा मुलगा. नदीकाठी वाढलेला. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या महायुद्धात गेला तो सैन्याच्या पूल बांधणाऱ्या तुकडीत. गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन परत आला आणि तरीही सैन्यातच राहिला, कारण दुसरं काही त्याला येत नव्हतं. मधल्या वर्षांत तरुण अधिकाऱ्यांना पूल शिकवले. लग्न केलं. मुलगी झाली. दुसरं युद्ध सुरू झालं तेव्हा चाळिशी ओलांडलेली. फ्रान्स, मग पूर्वेकडे रशियाच्या बाजूला. जिथे जिथे सैन्य जात होतं तिथे आधी नद्या होत्या, आणि नद्यांपाशी आधी हा पोचत होता.

प्रत्येक पत्राची सुरुवात नदीने. तिची रुंदी, पाण्याचा रंग, तळाशी वाळू की चिखल. होड्या एकमेकींना बांधून त्यावर फळ्या टाकत, अख्खी फौज अलीकडून पलीकडे नेणारा पूल कसा उभा राहतो हे तो बायकोला असं लिहायचा, जसं कुणी बाळाच्या पहिल्या पावलाबद्दल लिहावं. पहिली गाडी पुलावर आली की होड्या कशा खाली दबतात, पुन्हा वर येतात, 'नदी जणू मान डोलावून हो म्हणते.' जनरल झाल्याची बातमी त्याने दोन ओळींत दिली होती आणि उरलेली तीन पानं एका बगळ्यावर. पत्राच्या तळाशी मुलीसाठी नेहमी एक गणित. आई ते वहीत उतरवून द्यायची, मुलगी सोडवायची, आणि उत्तर पुढच्या पत्रातून त्याच्याकडे जायचं.

खरं सांगते, मला तो माणूस आवडायला लागला होता. कुणाच्या बाजूने तो लढत होता ते मला कळत नव्हतं असं नाही. शाळकरी पोरालाही कळतं. पण रोज दुपारी त्याचं अक्षर वाचायचं, त्याची मुलगी समोर डोळे मिटून बसलेली, खिडकीबाहेर जूनचं न संपणारं ऊन. त्याचं कसब बघून मी थक्क व्हायचे. घरी येऊन शिरीषला सांगायचे, "अरे, काय माणूस होता हा!" इरा जेवता जेवता कान टवकारायची. तिचा इतिहासाचा पेपर तोंडावर होता.

"पण आई, तो चांगला होता का वाईट?"

"अगं, असं कसं सांगता येईल?"

"आमच्या पेपरमध्ये येते ना, 'टु व्हॉट एक्स्टेंट'. दोन्ही साइडचा पॉइंट लिहायचा आणि शेवटी कन्क्लुजन द्यायचा. तू कन्क्लुजन काय देणार?"

"माझी परीक्षा नाहीये," मी म्हटलं होतं.

जूनच्या मध्यावर आमच्या रस्त्यावरचे लिंडन फुलतात. फुलं दिसतही नाहीत धड, पण मधासारखा गोड वास घराघरांत शिरतो आणि झाडाखालून गेलं की वरून मधमाश्यांचा एकसुरी आवाज येतो, देवळातल्या तंबोऱ्यासारखा. ती दुपार तशी होती. खिडकी उघडी होती. चौथा गठ्ठा चालू होता. एका पत्रात दोन कागद होते, चारी बाजूंनी लिहिलेले.

पहिली बाजू वाचली. शरद ऋतूची सुरुवात, नदीवर धुकं, पहिला बर्फाचा कण, दक्षिणेकडे चाललेले हंस. वाचताना भाषांतरकाराची नजर नेहमी दोन ओळी पुढे असते. कागद उलटला आणि ती नजर पुढे जाऊन अडखळली.

'पुलावर तिसऱ्यांदा हल्ला झाला. गावकरी हल्ला करणाऱ्यांना आसरा देतात. पुलाच्या वरच्या अंगाची नदीकाठची पाच गावं जाळायच्या हुकमावर मी काल सही केली. माणसांना बाहेर काढलं आहे. थंडी यंदा लवकर आली. हे आवश्यक होतं. तेव्हापासून पूल शांत आहे.' पुढे त्यांतल्या दोन गावांची नावं होती आणि कामाचा तपशील. तो तपशीलही त्याने नेहमीच्याच नीटस अक्षरात लिहिला होता. शेवटच्या बाजूला, 'लोकरीचे मोजे मिळाले. चांगले ऊबदार आहेत.' आणि मग गणित.

मी ते वाचलं नाही. हंसांचं वाक्य संपवलं, दुसरा कागद हातात घेतला, थेट मोज्यांवर आले आणि गणित वाचून मोकळी झाले. "पुलावरून दर चार मिनिटांनी एक गाडी जाते. प्रत्येक गाडीत अठरा पोती. सहा तासांत किती पोती पलीकडे जातील?"

"एक हजार सहाशे वीस," मिसेस हॅरिसन ताबडतोब म्हणाल्या. आणि हात पुढे केला. "पत्र दे."

त्यांनी कागद बोटांनी चाचपले. "दोन आहेत. त्या मानाने वाचन फार लवकर संपलं. तू एक बाजू वाचलीस आणि शेवटची."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"मी जन्म वॉर्डात काढलाय," त्या म्हणाल्या. "नातेवाइकांशी बोलायला बाहेर येण्याआधी डॉक्टर लोक एक श्वास घेतात. तसा तू मघाशी घेतलास. वाच."

"मिसेस हॅरिसन, नको. तुम्हाला..."

"माझं नाव उर्सुला आहे," त्या म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत त्या मला जर्मनमध्ये 'तू' म्हणत होत्या आणि मी त्यांना 'तुम्ही'. जर्मनमध्येही आपल्यासारखंच तू आणि तुम्ही असतं, आणि तेही आपल्याइतकंच जपून वापरतात. "आता तूही मला तू म्हण. आणि वाच."

मी वाचलं. सगळं. आवाज सपाट ठेवला, यंत्राचं माहितीपुस्तक वाचावं तसा. वाचून झाल्यावर मधमाश्यांचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

उर्सुला म्हणाली, "ते गणित मला आठवतंय. आईने वहीत उतरवून दिलं. ती चुलीपाशी पाठमोरी उभी होती. मी उत्तर सांगितलं, आणि ती वळून म्हणाली, 'बरोबर.' मला कौतुक म्हणून सफरचंद दिलं." ती थांबली. "म्हणजे तिने हे सगळं वाचून झाल्यावर."

त्या संध्याकाळी शिरीषने विचारलं तेव्हा सांगितलं. तो चांगला माणूस आहे. त्याला फक्त म्हातारीची काळजी वाटली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "शेवटची पत्रं पाठवा आणि सोडून द्या. या वयात तिला हे कशाला? शिवाय पूल त्याने वाचवलाच ना, ते काही खोटं नाही."

इरा ताटात भात चिवडत होती. "आई, तू तो पान खरंच सोडला?"

ते पान, सोडलंस, असं मी एरवी सुधारलं असतं. त्या दिवशी नाही सुधारलं. "हो," म्हटलं. "सोडलं."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. उठून ताट सिंकमध्ये ठेवलं आणि वर गेली. अठरा वर्षांच्या मुलीने आपल्याकडे असं बघितलेलं कुठलीच आई विसरत नाही.

रात्रभर मला त्याचं नीटस अक्षर दिसत राहिलं. चिडून लिहिलेलं असतं, हात थरथरलेला दिसला असता, तर बरं वाटलं असतं. बगळ्याबद्दल लिहिताना जसं अक्षर, तसंच हे. आपल्या वडिलांबद्दल आपल्याला काय माहीत असतं? माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. संध्याकाळी पावभर फरसाण घेऊन यायचे. मी त्यांच्या हाताखालून गेलेला एकही कागद कधी बघितला नाही.

मला वाटलं होतं, उर्सुला आता वाचन थांबवेल. दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती बूट चकचकीत करून खुर्चीत बसलेली होती. पाचवा गठ्ठा, सहावा. पत्रांत नद्या उलट्या क्रमाने यायला लागल्या. सैन्य मागे येत होतं आणि त्याने बांधलेले पूल तोच उडवत होता. शेवटी आजारी पडून तो स्वतःच्याच गावात आला आणि तिथल्या पुलाची जबाबदारी त्याच्याकडे आली. आणि ती पुलावरून घरी पाठवलेली शेवटची चिठ्ठी. 'आज रात्री दगडी पूल उडवायचा हुकूम आहे. दवाखाना पलीकडे आहे, गावाच्या पाण्याचा नळ पुलाच्या पोटातून जातो. मी आयुष्यभर हुकूम पाळले. हा पाळणार नाही. सुरुंगाच्या वाती मी स्वतः कापल्या आहेत.'

"सकाळी खिडकीतून बघितलं," उर्सुला म्हणाली, "तर पूल उभा होता. मी पंधरा वर्षांची होते. त्यानंतर मी कुठेही असले तरी मनात तो पूल उभा असायचा. नर्सिंग शिकायला इथे आले, इथल्या बायका माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी मनात म्हणायचे, तुम्हाला काय माहीत माझे वडील कोण होते."

वडील इंग्लंडातल्याच एका छावणीत दोन वर्षं कैदी होते. सुटून घरी गेले, रस्त्यांचे नकाशे काढायची नोकरी केली आणि थोड्याच वर्षांत वारले. मुलीशी युद्धाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पण ती मोठी झाल्यावर एकदा तिने मुद्दाम म्हटलं होतं, पपा, एखादं गणित घाला ना. ते उठून बागेत निघून गेले होते.

जून संपत आला तेव्हा तिने मला नगराध्यक्षांना फोन लावायला सांगितला. फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडचा आवाज तरुण आणि फार आर्जवी होता. पत्रं मिळणार म्हणून त्यांना आनंद झाला.

"सगळी मिळतील," उर्सुला म्हणाली. "अट एकच. शेवटचं पत्र आणि चौथ्या गठ्ठ्यातलं एक. दोन्ही बरोबरच वाचायची. सभेत, मोठ्याने."

"चौथ्या गठ्ठ्यात काय आहे?"

तिने सांगितलं. पाठ केल्यासारखं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग ते म्हणाले, "मॅडम, हे इतकं जुनं आहे. पूल वाचवला हेही खरंच आहे. गावाला अभिमान वाटावा असं आमच्याकडे फार थोडं आहे."

"ठाऊक आहे. माझ्याकडेही तेवढंच होतं," उर्सुला म्हणाली. "पूल त्यांनी वाचवला. मी त्याच पाण्यावर वाढले. पण पाच गावं जाळायच्या हुकमावरची सहीही त्याच हाताची आहे. तो हात पुलावर कोरू नका."

फोन ठेवल्यावर तिने पत्रं पुन्हा अभ्र्यात ठेवली. मी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या म्हातारपणी स्वतःच्या हाताने स्वतःचं एकुलतं एक दैवत उचलून खाली ठेवायचं, तेही कुणी मागितलं नसताना! मला तोवर वाटायचं, धैर्य म्हणजे काहीतरी अंगावर घेणं. हे काय होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. अजून नाही.

पुलाला नाव दिलं गेलं नाही. तसं दोन ओळींचं पत्र आलं. पत्रं तिथल्या दफ्तरखान्यात ठेवली आहेत, एवढं कळवलं होतं.

माझ्या मते गोष्ट तिथे संपली होती. उर्सुलाच्या मते नाही. "त्या दोन गावांची नावं दे," ती म्हणाली. इराच्या परीक्षा तेव्हा संपल्या होत्या. ती लॅपटॉप घेऊन आली आणि उर्सुलाच्या पायाशी गालिच्यावर बसून शोधत राहिली. एक गाव सापडेना. दुसरं सापडलं, बेलारुसमध्ये. ते पुन्हा वसलं होतं. तिथे एक छोटं वाचनालय होतं.

उर्सुलाने पत्र सांगितलं. मी लिहून घेतलं. रुटा नावाची लिथुएनियाची बाई सकाळी उर्सुलाच्या मदतीला यायची. साठीची, शाळेत रशियन शिकलेली. तिने ते रशियनमध्ये उतरवलं. पत्र लहान होतं. मी अमक्याची मुलगी. तुमचं गाव माझ्या वडिलांनी जाळायला लावलं, हे मला यंदा कळलं. त्या थंडीत कोण गेलं, त्यांची नावं कुणाकडे असतील तर मला हवी आहेत. एवढंच. क्षमेचा शब्द त्यात नव्हता. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "क्षमा मागितली की त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल. त्यांच्यावर आणखी एक काम कशाला?"

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. आम्ही चौघी स्वयंपाकघरात होतो. रुटाने फोडलं. वाचनालयातल्या बाईंनी एक ओळ लिहिली होती, 'तुम्ही विचारलंत म्हणून पाठवते आहे.' आणि खाली हाताने लिहिलेली यादी. दोन पानं, दोन्ही बाजूंनी.

"वाच," उर्सुला म्हणाली. आणि उठून उभी राहिली.

रुटा वाचायला लागली. नाव, बापाचं नाव, आडनाव, वय. म्हातारी माणसं होती. तरण्या बायका होत्या. मारिया, चार वर्षं. हाल्या, सात महिने. एकच आडनाव लागोपाठ सहा वेळा आलं. 'माणसांना बाहेर काढलं आहे' याचा अर्थ आम्हाला तिथे कळला. इराने खुर्ची पुढे सरकवली. उर्सुलाने ती हाताने मागे ढकलली. दोन्ही तळवे टेबलावर टेकवून ती उभी होती. पाठ वाकली नाही. रुटा मध्येच थांबली, पाणी प्यायली, पुन्हा वाचायला लागली. शेवटचं नाव झालं तरी उर्सुला बसली नाही.

"परत," ती म्हणाली. "सावकाश. मला नीट म्हणता आली पाहिजेत."

मग मी इराची एक कोरी वही मागून घेतली. रुटा एकेक नाव उच्चारायची आणि मी देवनागरीत लिहायचे. इंग्रजीत ती नावं धड मावत नव्हती, जर्मनमध्येही नाही. देवनागरीत बसली. बेलारुसच्या त्या गावातली सगळी माणसं अशी माझ्या अक्षरात आली. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, सगळं सांभाळून मी लिहिलं. कारण रुटा फक्त सकाळी असायची, आणि उर्सुलाला पाठांतर करायचं होतं. ते रोज दुपारी मी करून घेणार होते.

ऑगस्टभर आम्ही तेच केलं. लहानपणी आम्ही पाठांतर करायचो, चार ओळी म्हणायच्या, मागच्या चारांना जोडायच्या, तसं. मी एक नाव म्हणायचे, ती मागून म्हणायची. रोज पाच-सहा नवी. ती उभी राहूनच म्हणायची. मी बस म्हणून पाहिलं, एकदाच. इरा कधी कधी दारात येऊन ऐकत उभी राहायची. एकदा घरी परतताना ती म्हणाली, "आई, मी पेपरमध्ये दोन्ही साइड लिहिला होता. कन्क्लुजन पण दिला. आता वाटतं, मी फार लवकर दिला."

महिनाअखेरीस, एका थंडगार झालेल्या दुपारी, उर्सुला पहिल्यांदा संपूर्ण यादी न बघता, म्हणजे न ऐकता, म्हणायला उभी राहिली. मी समोर वही उघडून बसले. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. शेवटच्या बाजूला पोचली आणि एक नाव राहिलं. एका म्हाताऱ्याचं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मी हळूच सांगितलं. खरं तर शेवट अगदी जवळ आला होता, जेमतेम दहा नावं उरली होती.

"नाही," ती म्हणाली. तळवे टेबलावर पुन्हा नीट टेकवले, आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.